डब्लिनचे कॉडल प्रथमच करताना

कॉडल, म्हणजे सॉसेज, बेकन आणि बटाट्यांचे आयरिश कालवण, दिसायला फिकट असते आणि नवशिक्याचा हात नेमका इथेच चुकतो. रंग यावा म्हणून तो सॉसेज आधी खरपूस तळून घेतो. डब्लिनच्या जुन्या घरांतली रीत तशी नाही. चार माणसांसाठी डुकराच्या मांसाची आठ सॉसेज, पाव किलो बेकन, एक किलो बटाटे आणि दोन मोठे कांदे पुरतात. जाड बुडाच्या पातेल्यात यांचे थर लावून, मधूनमधून मिरपूड व पार्सली पेरून, वरचा बटाटा जेमतेम बुडेल इतकेच पाणी घालावे, घट्ट झाकण ठेवावे आणि मंद आचेवर दीड तास तरी शिजू द्यावे. खळखळून उकळी आली की सॉसेजचे आवरण फुटते, त्यामुळे अधूनमधून एखादा बुडबुडा वर यावा एवढीच आच असावी. मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे, कारण बेकनचा खारटपणा रश्श्यात उतरत असतो. एकदा मी ते आरंभीच घातले आणि सगळे पातेले वाया गेले. बटाट्याच्या कडा विरघळून रस्सा किंचित दाटला की पातेले उतरवावे आणि रस्सा टिपून घेण्यासाठी सोबत सोडा ब्रेड, म्हणजे यीस्टऐवजी खाण्याच्या सोड्याने फुगवलेला पाव, द्यावा.