जुन्या रेल्वेमार्गाच्या वाटेवर व्हीलचेअर नेताना

भावा, आईंना व्हीलचेअरवर घेऊन जायचं म्हणतोस, तर रूळ काढलेल्या मार्गावरची वाट चांगलीच. इंजिनाला चढ झेपत नाही म्हणून असे मार्ग बहुधा 100 मीटरला एखादा मीटरच चढतात; व्हीलचेअरच्या रॅम्पला 12 ला 1 चालतो. पण चढ दिसत नाही म्हणून तो नाही असं समजू नको. तसाच 2 किलोमीटर गेलास तर 20 मीटर चढलास! म्हणून जाताना चढ आणि परतताना उतार, असं ठरव.

खरा त्रास खडीचा. पुढची लहान चाकं खडीत रुततात, खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेलं माणूस पुढे झुकतं. जोर लावून ढकलू नको. खुर्ची फिरव आणि उलटी ओढ, म्हणजे मोठी चाकं आधी जातात. पट्टा मात्र बांधलेला हवाच. पुलावरच्या फळ्यांच्या फटी वाटेच्या दिशेनं असतील तर चाक अडकतं. तिथं जरा तिरकं जायचं.

पूल पाडलेला असेल तिथं वाट भरावावरून एकदम खाली उतरते. तो उतार उलटा, पाठीमागं बघत उतरायचा. कुठं फाटक असेल तर खुर्ची आणि फट दोन्ही आधी टेपनं मोज. 90 सेंटिमीटर असेल तर निवांत.

निघण्याआधी चाकांतली हवा आणि दोन्ही ब्रेक बघ. पहिला सराव रंकाळ्याकाठी, सकाळी लवकर कर. भेळ नंतर.