अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये खाण्याने आणि आतड्यातल्या बॅक्टेरियांनी खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला वारंवार सूज आणि जखमा होण्याचा आजार) निघालाय, डॉक्टर म्हणाले सोसेल ते खा, घरचे म्हणतायत दूध गहू तिखट सगळं बंद, आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलंय की प्रोबायोटिक (चांगल्या बॅक्टेरियांची गोळी किंवा पावडर) सुरू केलं की गोळ्या सुटतात. मला हाच आजार बरीच वर्षं आहे. डॉक्टर नाहीये मी, पण या विषयावर बरंच वाचलंय म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे गोळ्या सुटत नाहीत. मेसालामाइन (या आजारात सूज आवरणारं नेहमीचं औषध) चालू असतं म्हणून बरं वाटत असतं आणि बरं वाटतंय म्हणून माणूस ती बंद करतो, मग काही महिन्यांनी परत रक्त पडायला लागतं, ही गोष्ट या आजाराच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर वाचायला मिळते.

आता खाण्याचं. फरक पडतो, आणि त्यातला बराचसा बॅक्टेरियांमार्फत पडतो. आपल्याला न पचणारा फायबर मोठ्या आतड्यात गेला की तिथले काही बॅक्टेरिया तो आंबवून ब्युटिरेट नावाचं ॲसिड बनवतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा त्यातूनच घेतात, शिवाय सूज आवरायलाही ते मदत करतं. आयबीडी (आतड्याला सूज येणारे आजार, म्हणजे हा कोलायटिस आणि त्याचा भाऊबंद क्रोन्स) असलेल्यांमध्ये हे ब्युटिरेट बनवणारे बॅक्टेरिया कमी झालेले सापडतात, फीकॅलीबॅक्टेरियम प्रॉस्नित्झी हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. पण ते कमी झाले म्हणून सूज आली की सूज आली म्हणून ते कमी झाले, हे दोन्हीकडून चालतं, त्यामुळे "तुझ्या खाण्यामुळेच तुला हे झालं" असं भावाला कुणी ऐकवत असेल तर त्यांना गप्प बसवा.

फायबर मिळालाच नाही तर काय होतं हे २०१६ साली अमेरिकेत उंदरांवर बघितलं होतं. उपाशी राहिलेले बॅक्टेरिया आतड्यावरचा म्युकसचा (बुळबुळीत संरक्षक) थरच खायला लागले आणि तो पातळ झाल्यावर रोगजंतूंना आत शिरायला सोपं गेलं. पाकिटातल्या पदार्थांतले इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारे घटक) पण याच थराशी खेळतात असा संशय आहे, तेही आधी उंदरांमध्येच दिसलं. आपल्याकडच्या पाकिटावर त्यांचे नंबर, म्हणजे आयएनएस ४६६ किंवा ४३३ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आइस्क्रीम, क्रीमवाले केक, सॉस वगैरेंवर बघा. २०२१ मध्ये भारतासह २१ देशांतल्या १ लाख १६ हजार लोकांचा अभ्यास आला होता, त्यात असे खूप प्रक्रिया केलेले पाकिटातले पदार्थ जास्त खाणाऱ्यांना आयबीडी होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. यातून कारण सिद्ध होत नाही हे खरं, पण क्रीमचं बिस्किट सोडून कुणाचं काही बिघडत पण नाही, त्यामुळे मी ते सोडलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच लोक चुकतात. फ्लेअरचं (आजार उसळलेला असतानाचं) ताट वेगळं आणि रेमिशनचं (आजार शांत असतानाचं) वेगळं. वरचं फायबरपुराण वाचून भाऊ रक्त पडत असताना मटकीची उसळ आणि कच्ची कोशिंबीर खायला बसला तर लोळेल. सूज असताना आतडं नाजूक असतं, ते ब्युटिरेट बनवणारेही कमी असतात, आणि कांदा-लसणात असतो तो इन्युलिनसारखा फायबर न आंबता राहिला तर काही जणांमध्ये उलट सूज वाढवतो असंही दिसलंय. त्या दिवसांत मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची सालं काढलेली भाजी, अंडं, पिकलेलं केळं. आणि पोटभर खायला द्या, उपास नको, या आजारात वजन आणि हिमोग्लोबिन भराभर उतरतं. सूज बसली की हळूहळू भाकरी, शिजवलेल्या भाज्या, सालीची मूगडाळ, मग उसळी. खूप जण उलटं करतात, फ्लेअर संपला तरी घाबरून वर्षभर भात आणि वरणावर राहतात, म्हणजे त्या बॅक्टेरियांना कायमचंच उपाशी ठेवतात.

खाणं आणि बॅक्टेरिया दोन्ही एकत्र बदलून बघायचा एक चांगला प्रयोग भारतातच झालाय. २०२२ मध्ये छापून आला, सौम्य ते मध्यम कोलायटिसचे ६६ पेशंट होते. एका गटाला निरोगी माणसांचं मल कोलोनोस्कोपीतून दर आठवड्याला असं सात आठवडे दिलं (हो, तेच, नाक मुरडू नका) आणि सोबत गहू, दूध, साखर, प्रोसेस्ड पदार्थ वगळलेला, ताज्या भाज्या-फळं आणि आंबवलेल्या पदार्थांचा आहार. दुसऱ्या गटाला नेहमीची औषधं. आठ आठवड्यांनी पहिल्या गटात ६० टक्के रेमिशनमध्ये, दुसऱ्यात ३२. पुढे वर्षभर तोच आहार चालू ठेवणाऱ्यांची तब्येतही जास्त टिकली. पण हे हॉस्पिटलात तपासलेल्या दात्याकडून घेऊन करायचं काम आहे, घरी करायचे व्हिडिओ फिरतात त्यांच्या नादी लागू नका.

क्रोन्समध्ये तर लहान मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त लिक्विड फॉर्म्युल्यावर ठेवतात आणि त्याने बऱ्याच मुलांची सूज स्टेरॉइडशिवाय बसते. कोलायटिसला मात्र तो उपाय तसा लागू पडत नाही, म्हणून कुणाचं डायट कुणाला लावायच्या आधी आजार कुठला ते विचारा.

दही-ताक सोसत असेल तर खुशाल घ्या, पण त्याला औषध समजू नका. दूध सोसत नसेल तर तेवढं कमी करा, सगळ्यांनीच बंद करायची गरज नाही. इसबगोलच्या बियांवर १९९९ साली स्पेनमध्ये छोटा प्रयोग झाला होता, रेमिशन टिकवायला त्या मेसालामाइनच्या जवळपास ठरल्या, तरी मेसालामाइनऐवजी नाही, आणि आतडं कुठे अरुंद झालं असेल तर इसबगोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. हळदीतल्या करक्युमिनचे प्रयोग झालेत ते दिवसाला दोन-तीन ग्रॅम करक्युमिन देऊन, फोडणीतल्या चिमूटभर हळदीत तेवढं नसतं.

तिखटाचं म्हणाल तर ज्याचं त्याने बघावं. मला रेमिशनमध्ये ठेचा चालतो, मिसळ नाही चालत.

खाण्यात मोठा बदल करायच्या आधी एकदा फीकल कॅल्प्रोटेक्टिन करून घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी परत करा. मलाची साधी टेस्ट आहे, सूज खरंच कमी झाली की नुसता गॅस कमी झालाय म्हणून बरं वाटतंय हे त्यातून बऱ्यापैकी कळतं.