मुलाच्या घरचा हीट पंप म्हापशात चालेल का?

प्रश्न : मुलगा जर्मनीत असतो. त्याने गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवला. बाहेर बर्फ असतानाही तो हवेतून उष्णता घेतो म्हणे. थंड हवेत उष्णता कुठून? आम्ही मागच्या चार खोल्या पर्यटकांना देतो. आम्हीही बसवावा का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : वहिनी, घरात एसी असेल तर हीट पंप आलेलाच आहे. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. मुलाच्या मशीनमध्ये आतल्या नळ्यांत फिरणाऱ्या गॅसची वाट फिरवणारा एक व्हॉल्व्ह जास्त असतो, म्हणून ते उलटंही चालतं.

आता थंड हवेचं. अशा मशीनच्या नळ्यांत फिरणारा आर-३२ हा गॅस हवेच्या साध्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. बाहेर उणे ५ असलं तरी मशीन त्याला त्याहून थंड ठेवतं, मग हवेतली उष्णता त्याच्याकडे जाते आणि त्याची वाफ होते. कॉम्प्रेसरने दाबली की ती वाफ चांगलीच तापते आणि घरात उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. विहिरीवरचा पंप पाणी तयार करत नाही, नुसतं चढवतो, तसंच हे. म्हणून १ युनिट विजेत ३-४ युनिट उष्णता मिळते. कडक थंडीत मात्र हा आकडा घसरतो.

म्हापशात खोली तापवायला? मुळीच नको. डिसेंबरच्या पहाटे पारा जेमतेम २० वर येतो, त्याला गोधडी पुरे. दुकानदार ‘हॉट अँड कोल्ड’ एसी गळ्यात मारायला बघेल. तो दिल्लीकरांना घेऊ दे.

पाहुण्यांच्या अंघोळीसाठी मात्र जरूर विचार करा. १०० लिटर पाणी २७ वरून ५० अंशांवर न्यायला गिझरला पावणेतीन युनिट लागतात, आपल्या उबदार हवेत हीट पंपाला एखादं. पाणी सावकाश तापतं, म्हणून टाकी मोठी घ्या. नुसत्या नवरा-बायकोच्या घराला हा खर्च परवडत नाही, तिथे साधा गिझरच बरा.

मशीन कोठीत कोंडू नका. ते थंड हवा सोडतं. कोठी गार झाली की त्याला उष्णता मिळेनाशी होते. मागची पडवी उत्तम, फक्त ठिबकणाऱ्या पाण्याला नळी काढा. कळंगुटला किनाऱ्यावरच्या कॉइलच्या (हवेतली उष्णता घेणाऱ्या नळ्यांच्या) पात्या खाऱ्या वाऱ्याने बोटाखाली चुरताना मी पाहिल्यात. तुम्ही तेवढ्या जवळ नाही, तरी कोटिंग केलेली कॉइलच मागा.