उभ्या स्पोर्ट्‌स कारची बॅटरी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझी दोन आसनी स्पोर्ट्‌स कार क्वचितच बाहेर निघते. पाच-सहा आठवडे उभी राहिली की स्टार्टर फिरत नाही. बॅटरी नवी, 70 अँपिअर-तासांची आहे. गाडी बंद असताना बॅटरी खाते कोण? देखभाल-चार्जर लावला की प्रश्न मिटेल का?

उत्तर : गाडी बंद केली तरी अलार्म, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), रिमोट चावीचा रिसीव्हर आणि काही कंट्रोल युनिट थोडा थोडा करंट घेतच असतात. 20 ते 50 मिलिअँपिअर इतकी ओढ आधुनिक गाडीत रास्त मानली जाते. 50 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास. पाच आठवड्यांत 42 अँपिअर-तास गेले. तुमच्या 70 पैकी उरले 28, तेही बॅटरी सुरुवातीला पूर्ण भरलेली होती असे धरून. म्हणजे गाडीत काही बिघाड नसतानाही एवढे होऊ शकते.

तरीही चार्जर घेण्याआधी ही ओढ मोजून घ्या. निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर जोडा, बॉनेटचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, दारे लॉक करा आणि तासभर थांबा. कंट्रोल युनिट झोपायला तेवढा वेळ घेतात, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतला आकडा पाहून घाबरू नका. मीटर जोडताना टर्मिनल क्षणभर जरी सुटले तरी सगळी युनिट पुन्हा जागी होतात आणि वाट नव्याने पाहावी लागते. मीटर मध्ये असताना इग्निशन लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर ही सगळी कसरत वाचते.

तासाभरानंतरही आकडा 100 मिलिअँपिअरच्या वर असेल तर आधी बाहेरून लावलेल्या वस्तू तपासा : डॅशकॅम, बिघाड तपासण्याच्या (डायग्नोस्टिक) सॉकेटमध्ये राहिलेले डोंगल, नंतर बसवलेला अँप्लिफायर. आणि चावी कुठे ठेवता तेही पाहा. कीलेस गाडीत चावी गाडीजवळच्या खुंटीवर लटकत असेल तर काही गाड्या तिच्याशी बोलत रात्रभर जाग्या राहतात. अशी गळती न शोधता चार्जर लावला तर दोष नुसता झाकला जाईल.

प्रश्न : चार्जर निवडताना किती अँपिअरचा घ्यावा? दुकानात 1 पासून 10 अँपिअरपर्यंत सगळे दिसतात. जास्त अँपिअर म्हणजे जास्त चांगला ना?

उत्तर : नाही. अँपिअर हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न बॅटरी कोणत्या प्रकारची आहे हा, आणि त्याचे उत्तर गाडीच्या कागदपत्रांत न शोधता बॅटरीच्या लेबलवर शोधा, कारण आधीच्या मालकाने भलतीच बॅटरी बसवलेली असू शकते.

साध्या, पाण्याच्या बॅटरीला चार्जिंगचा व्होल्टेज साधारण 14.4 लागतो. एजीएम बॅटरीला (हिच्यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते) 14.4 ते 14.8, म्हणून बहुतेक चार्जरवर 14.7 चा वेगळा मोड असतो. भरून झाल्यावर दोन्हींना 13.5 ते 13.8 च्या आसपास धरून ठेवायचे. देखभाल-चार्जरचे खरे काम हे शेवटचेच : बॅटरी भरली हे ओळखून व्होल्टेज खाली आणणे. जुन्या पद्धतीचे ट्रिकल चार्जर हे करत नाहीत. ते करंट ढकलतच राहतात, व्होल्टेज 15 च्या वर जातो, पाणी वायू होऊन उडते आणि प्लेट उघड्या पडतात. असा चार्जर घरात असेल तर तो महिनोन्‌महिने लावून ठेवण्याच्या कामी वापरू नका.

आता अँपिअर. भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला 1 अँपिअरही पुष्कळ होतो, कारण गाडीची ओढ त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढी असते. पण अर्धी उतरलेली 70 ची बॅटरी 1 अँपिअरने भरायला दीड-दोन दिवस लागतील, आणि काही छोटे चार्जर ठराविक तासांत काम झाले नाही तर एरर दाखवून थांबतात. 5 अँपिअरचा चार्जर तीच बॅटरी रात्रीत बऱ्यापैकी भरतो आणि मग देखभालीत जातो. एकच चार्जर घ्यायचा तर आमचे मत 4 ते 5 अँपिअरला. 10 अँपिअरचा घ्यायला हरकत नाही, पण तो सिगारेट-लाइटर सॉकेटमधून जोडण्याचा विचार असेल तर तिथला फ्यूज आणि वायर आधी बघा.

तापमानानुसार व्होल्टेज बदलणारा चार्जर मिळाला तर तोच घ्या. शिसे-आम्लाच्या 12 व्होल्ट बॅटरीला 25 अंशांच्या वर दर अंशाला सुमारे 20 ते 30 मिलिव्होल्ट कमी हवे असतात. 40 अंशांच्या बंद गॅरेजमध्ये हा फरक 0.3 ते 0.45 व्होल्ट होतो. 13.6 ला धरलेली बॅटरी तिथे प्रत्यक्षात सतत जादा चार्ज होत राहते.

15.8 व्होल्टचा ‘रिकंडिशन’ मोड असतो, त्याचे आकर्षण अनेकांना वाटते. तो खोल उतरलेल्या पाण्याच्या बॅटरीतले आम्ल ढवळण्यासाठी असतो. गाडीला जोडलेल्या बॅटरीवर, विशेषतः महागडी इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीत, तो लावू नये. बॅटरी बाहेर काढून, हवेशीर जागी, लक्ष ठेवून लावावा.

प्रश्न : गाडीला हलकी लिथियम बॅटरी आहे. माझ्याकडे चांगला, महाग, शिसे-आम्लासाठीचा स्मार्ट चार्जर आहे. चालेल का?

उत्तर : त्यावर लिथियमचा (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा) वेगळा मोड नसेल तर नको. चार्जिंगचा 14.4 व्होल्ट दोघांनाही जवळपास सारखाच चालतो, म्हणून अनेकांना वाटते की काही बिघडणार नाही. अडचण बाकीच्या टप्प्यांत आहे. शिसे-आम्ल बॅटरीच्या प्लेटांवर साचलेले सल्फेट फोडण्यासाठी दिले जाणारे उंच व्होल्टेजचे ठोके लिथियमच्या काही कामाचे नाहीत. त्या बॅटरीची वरची मर्यादा 14.6 आहे, म्हणजे चार सेल, प्रत्येकी 3.65. त्यापुढे गेल्यास आतले संरक्षक सर्किट बॅटरी तोडून टाकते, आणि ते नसेल तर सेल खराब होतात.

दुसरे, लिथियम बॅटरी फार उतरली की तेच सर्किट तिला आतून तोडते. टर्मिनलवर मीटर शून्याजवळ दाखवतो, साध्या चार्जरला वाटते की बॅटरी जोडलेलीच नाही. लिथियमसाठीचा चार्जर तिला आधी ‘जागे’ करतो. शून्य अंशाखाली मात्र ती चार्ज करू नका.

आणि क्षमतेचा आकडा नीट वाचा. पोर्शेने 2010 पासून 911 जीटी3, जीटी3 आरएस आणि बॉक्सटर स्पायडरसाठी जी लिथियम बॅटरी देऊ केली ती 6 किलोपेक्षा हलकी आणि 18 अँपिअर-तासांची होती. इंजिन फिरवण्याच्या कामात ती 60 च्या शिसे-आम्ल बॅटरीच्या तोडीची मानली गेली. पण उभ्या गाडीच्या ओढीला 18 म्हणजे 18 च. दिवसाला 1.2 च्या हिशोबाने पंधरा दिवसांत संपली. अशा गाडीला चार्जर शिसे-आम्लवाल्यापेक्षाही जास्त गरजेचा.

प्रश्न : दर वेळी चिमटे लावण्याचा कंटाळा येतो. कायमची वायर बसवायची आहे. बॅटरी पुढच्या डिकीत आहे. नेमके काय, कोणत्या क्रमाने करू?

उत्तर : चार्जरबरोबर बहुधा दोन गोल लग (बोल्टवर बसणाऱ्या धातूच्या कड्या) असलेली, फ्यूज बसवलेली छोटी वायर येते. नसेल तर त्याच कंपनीची घ्या, आणि लगचे भोक 6 मिमीचे की 8 मिमीचे हे क्लॅम्पचा बोल्ट पाहून ठरवा.

सुरू करण्याआधी डिकीचे झाकण उघडे राहील याची व्यवस्था करा आणि एक काच खाली करून ठेवा. झाकणाचे कुलूप विजेवर चालणारे असेल आणि बॅटरी सुटलेली असताना कोणी सवयीने ते दाबून बंद केले, तर काम तिथेच थांबते. फ्रेम नसलेल्या दारांत काच दार उघडताना थोडी खाली सरकते. वीज नसेल तर ती सरकत नाही आणि दार ओढले की रबर फाटतो, प्रसंगी काचही.

इग्निशन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबा. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. प्रथम निगेटिव्ह केबल सोडा आणि कापड गुंडाळून बाजूला ठेवा. उलटे केले, म्हणजे निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट सोडू लागलात, आणि पाना बॉडीला टेकला, तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो. आता लाल लग पॉझिटिव्ह क्लॅम्पच्या बोल्टवर, नटखाली बसवा. बॅटरीचा खांब (टर्मिनल) आणि क्लॅम्प यांच्या मध्ये तो सरकवू नका, तिथे पकड ढिली होते आणि स्टार्टरचा करंट जाताना तापते. काळा लग बॅटरीच्या खांबावर न लावता शेजारच्या अर्थच्या (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या) बोल्टवर, रंग नसलेल्या धातूवर लावा. निगेटिव्ह केबलवर बॅटरी-सेन्सरची छोटी डबी असेल तर हे फार महत्त्वाचे आहे. चार्जरचा करंट त्या सेन्सरमधून गेला नाही तर गाडीला बॅटरी भरल्याचे कळतच नाही, आणि ती भरलेली असूनही कमी चार्जची सूचना येत राहते. शेवटी निगेटिव्ह केबल परत जोडा.

फ्यूज लाल वायरीत, बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ हवा. 5 अँपिअरच्या चार्जरला 10 अँपिअरचा पुरतो. तो चार्जरसाठी नाही, वायरीसाठी आहे. झाकणाखाली वायर चिरडली तर आग चार्जर लावणार नाही, बॅटरी लावेल. म्हणून वायर धारदार कडेवरून नेऊ नका. झाकण मिटताना जिथे मऊ रबर दबतो तिथूनच बाहेर काढा, आणि टोकावर टोपी घाला. दोन पिनांचा चपटा जोड असेल तर बॅटरीच्या बाजूला उघडी पिन निगेटिव्हची आणि झाकलेली पॉझिटिव्हची हवी. मल्टिमीटरने एकदा खात्री करा.

वायर लांबवायची वेळ आली तर मेन्सची (घरातल्या विजेच्या प्लगची) बाजू लांबवा, 12 व्होल्टची नाही. 1.5 चौरस मिमीच्या 3 मीटर वायरीत 5 अँपिअरला जाऊन-येऊन सुमारे एक तृतीयांश व्होल्ट पडतो.

रोजचा क्रम सोपा आहे : आधी गाडीकडचा जोड, मग मेन्स. काढताना आधी मेन्स. जोडताना ठिणगी पडली तर ती हायड्रोजनजवळ नको, एवढेच त्यामागचे कारण. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो. आणि चार्जर लावला की स्टिअरिंगवर एक ठळक चिठ्ठी अडकवा. वायरीसकट निघालेल्या गाड्यांनी बरेच बंपर खरवडले आहेत.

प्रश्न : लाइटर सॉकेटमधून चार्ज करता येईल का? आणि बॅटरी पूर्ण मेली, पुढचे झाकण उघडतच नाही, तर?

उत्तर : सॉकेट इग्निशन बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेले असेल तरच. गाडी लॉक करून, तासाभराने, खिडकीतून मीटरच्या वायरी आत घेऊन तिथे 12 व्होल्ट आहेत का ते पाहा. 997 पिढीच्या 911 आणि 987 बॉक्सटरमध्ये लाइटर कायम जिवंत असतो, म्हणून तिथे ही पद्धत रूढ आहे. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये सॉकेट झोपते. तिथे बॉनेटखालचे पॉझिटिव्ह टोक आणि बॉडी-अर्थ वापरा.

याच 997 आणि 987 मध्ये मेलेल्या बॅटरीसाठी सोय आहे. पायाशी असलेल्या फ्यूजबॉक्समधून एक पॉझिटिव्ह टोक बाहेर ओढता येते. बाहेरच्या बॅटरीचा लाल चिमटा त्याला आणि काळा दाराच्या कुलपाच्या धातूच्या कडीला लावा, मग रिमोटने किंवा बटणाने झाकण उघडा. अलार्म वाजेल, चावीने तो बंद करा. या टोकातून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नका. ती वायर फक्त कुलपापुरती आहे.

प्रश्न : जुनी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार आहे, 1965 ची. सीटमागे दोन बॅटऱ्या दिसतात.

उत्तर : त्या 6 व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये जोडलेल्या. 12 व्होल्टचा चार्जर दोन्हींच्या टोकांना मिळून लावा, एकीलाच लावला तर ती जाईल. आणि तुमच्या वर्षाच्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते (नंतर कोणी बदलले नसेल तर), म्हणून लाल चिमटा बॉडीला आणि काळा मोकळ्या निगेटिव्ह खांबाला.

प्रश्न : चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवला तर चालेल का? माझा दिवा दोन दिवस झाले तरी हिरवा होत नाही.

उत्तर : चांगला चार्जर लावून ठेवायला हरकत नाही. पाण्याची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घाला. वीज गेली आणि परत आली की काही चार्जर आधीचा मोड विसरून साध्या 14.4 वर येतात, काही थांबूनच राहतात. प्लग काढून पुन्हा लावून तुमचा काय करतो ते आधीच पाहून ठेवा.

दिवा हिरवा होत नाही याची कारणे तीनच सापडतात. बॅटरी खोल उतरलेली आणि चार्जर छोटा, गाडीत मोठी ओढ, किंवा एक सेल गेलेला. ओळखायला चार्जर काढा, गाडीपासून बॅटरी सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी व्होल्टेज मोजा. साध्या बॅटरीला 12.6 ते 12.7, एजीएमला 12.8 ते 13 हवे. 12.4 म्हणजे तीन-चतुर्थांश, 12.2 म्हणजे अर्धी. बराच वेळ चार्ज करूनही सकाळी 10.5 च्या आसपास दिसले तर एक सेल मेला आहे, चार्जर बदलून उपयोग नाही. चार्जिंग चालू असताना बॅटरीचे अंग हाताला गरम लागले किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास आला, तर लगेच मेन्स बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि ती गार झाल्याशिवाय चिमट्यांना हात लावू नका.