‘ड्युई’ हे नाव आपल्या सॉफ्टवेअरला देता येईल का?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातली निवृत्त ग्रंथपाल. भाच्याच्या मदतीने गावोगावच्या वाचनालयांसाठी दाखलनोंदीचं सॉफ्टवेअर केलंय, नाव ठेवलंय ‘ड्युई मित्र’, पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश वर्गीकरणावरून. पत्रकं छापायला टाकणार तेवढ्यात कळलं, की या नावावरून अमेरिकेत एका हॉटेलवर दावा झाला होता. जन्मभर हेच आकडे पुस्तकांवर लिहिले, आता नाव घ्यायचीही चोरी का?

उत्तर: ताई, नाव घ्यायची चोरी नाही. ते स्वतःची पाटी म्हणून लावायला मात्र मी तुम्हाला मनाई करेन.

ते हॉटेल न्यूयॉर्कचं, ‘लायब्ररी हॉटेल’. २००० साली सुरू झालं. दहा मजल्यांना ड्युईचे दहा मुख्य वर्ग दिलेले, आणि खोलीखोलीत त्या त्या विषयाची पुस्तकं. या वर्गीकरणाचे हक्क १९८८पासून ओहायोतल्या ओसीएलसी या ना-नफा संस्थेकडे आहेत. तिने सप्टेंबर २००३मध्ये दावा लावला आणि हॉटेलच्या नफ्याच्या किंवा आपल्या नुकसानीच्या तिप्पट, यांतली मोठी रक्कम मागितली. नोव्हेंबरात तडजोड झाली. नाव वापरायची मुभा हॉटेलला मिळाली. त्याने ‘ड्युई’ या ट्रेडमार्कची मालकी ओसीएलसीची असल्याचं नमूद करायचं आणि मुलांच्या वाचनासाठी झटणाऱ्या संस्थेला देणगी द्यायची, असं ठरलं. न्यायालयाचा निकाल लागलाच नाही, त्यामुळे त्या दाव्यातून तुमच्या बाजूचा किंवा विरुद्धचा कायदा निघत नाही.

तुमची खरी गफलत वेगळीच आहे. पद्धत जुनी म्हणजे सगळं मोकळं, असं तुम्ही धरून चालला आहात. या वर्गीकरणाची १८७६ची पहिली आवृत्ती मोकळी आहे, हे खरं. ती ४४ पानांची होती आणि निनावी छापलेली होती. पण कॉपीराइटला मुदत असते, ट्रेडमार्कला तशी नसते. आपल्याकडे नोंदणी दहा वर्षांची, आणि दर वेळी नूतनीकरण केलं की पिढ्यान् पिढ्या चालते.

म्हणून ‘ड्युई मित्र’ हे नाव सोडा. ग्रंथालयाच्या क्षेत्रातच ते लावलं तर वाचनालयाच्या चिटणिसाला सहज वाटेल, की हे मूळ संस्थेचंच किंवा तिच्या परवानगीचं आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९च्या कलम २९चा रोख त्याच गैरसमजावर आहे. नोंदणी नसली तरी ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवल्याचा, दावा होऊ शकतो. मात्र परदेशी नावाची ख्याती भारतात होती हे इथे सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या प्रियस प्रकरणात, म्हणजे टोयोटाच्या त्या नावाच्या गाडीवरून झालेल्या वादात, ते स्पष्ट केलं. ग्रंथालयांच्या जगात ड्युईची ख्याती सिद्ध करायला फारसे कष्ट पडणार नाहीत.

आतल्या पानावर मात्र ‘ड्युई दशांश वर्गीकरणाचे क्रमांक नोंदवण्याची सोय’ असं बिनधास्त लिहा. वस्तूचा उपयोग सांगण्यापुरता प्रामाणिक वापर कलम ३० चालवून घेतं. अक्षर साधं ठेवा, त्यांचं बोधचिन्ह लावू नका, आणि खाली एक ओळ टाका: ‘हे चिन्ह त्याच्या मालकाचं आहे, आमचा त्यांच्याशी संबंध नाही.’

मराठी कादंबरीच्या कण्यावर ८९१.४६३ लिहिलेली चिठ्ठी चिकटवायला तुम्हाला कुणाची परवानगी लागली नाही, पुढेही लागणार नाही. वाचनालयाने स्वतः दिलेला क्रमांक तुमच्या रकान्यात साठवणं वेगळं, आणि चालू आवृत्तीचे तक्ते, टिपा, निर्देशांक सॉफ्टवेअरमध्ये भरून विकणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीसाठी ओसीएलसीचा परवाना घ्या. भाच्याला विचारा, तक्ते कुठून आणले? २३व्या छापील आवृत्तीवरून टंकले असतील, तर नावापेक्षा मला त्याची जास्त धास्ती वाटते.

नवं नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर वर्ग ९ आणि ४२मध्ये (ट्रेडमार्क नोंदणीतले सॉफ्टवेअर आणि संगणक सेवांचे वर्ग) शोध घ्या; फुकट असतो. उद्या नोटीस आलीच तर घाबरून फोनवर कबुली देऊ नका, त्यांच्या हमीपत्रावर सही करू नका, आणि नोटिशीतली मुदतही चुकवू नका. धमकी बिनबुडाची निघाली तर कलम १४२खाली तुम्हालाच न्यायालयात जाता येतं.

पत्रक अजून छापखान्यात गेलेलं नाही, हे फार बरं झालं. मजकूर बदलून झाला की छपाईआधी एकदा मला दाखवा.