खडखड ऐकू आली म्हणून लगेच शॉक अॅब्सॉर्बर बदलू नका

गाडीतून खडखड येते, शॉक अॅब्सॉर्बर (खड्ड्यांचे धक्के जिरवणारा भाग) बदलू का आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करू का, असं तुम्ही विचारलंत. पहिल्या गाडीला आवाज आला की सगळेच शॉक अॅब्सॉर्बरवर संशय घेतात. मीही घेतला होता. नवी जोडी बसवली, आवाज तसाच! दोष निघाला लिंक रॉडचा. स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीला) जोडणारा हा बोटभर जाडीचा दांडा बऱ्याच गाड्यांत सर्वांत आधी झिजतो.

म्हणून पाने-हत्यारं हातात घेण्याआधी कान लावा. आधी डिकी रिकामी करा; सुटा जॅक आणि सैल स्टेपनी भल्याभल्यांना फसवते. मग आवाज नेमका कधी येतो ते पाहा:

- कमी वेगात, बारीक खड्ड्यांवर टकटक: बहुधा लिंक रॉड.
- ब्रेक दाबताना किंवा गाडी निघताना एकच ‘ठक’: लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे.
- उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कटकट: स्ट्रट माउंट (शॉक अॅब्सॉर्बर वरून जिथे गाडीला बसतो तो भाग).

चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ढिलेपणा जाणवला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांमधला गोल सांधा) किंवा बेअरिंग तपासा. बॉल जॉइंट सैल असेल तर गाडी चालवूच नका, तो निखळला की चाक आडवं होतं.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावाच. आणि नवशिक्यांची हमखास चूक: रबरी बुशचे बोल्ट चाक लटकत असताना पक्के आवळणे. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचं आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं.

अलाइनमेंटचं नंतर बघू. आधी आवाज कुठल्या चाकाकडून येतो तेवढं कळवा.