अरेथा फ्रँकलिनची कमाई आणि सोफ्याखालचं मृत्युपत्र

अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिन मोठी कशी झाली आणि तिच्या पैशाचं पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट. तिचा गळा घडला डेट्रॉइटच्या चर्चमध्ये. वडील तिथले धर्मोपदेशक. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत काही वर्षं जम बसला नाही. 1967 मध्ये अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडून ‘रिस्पेक्ट’ हे गाणं आलं आणि ती सोल संगीताची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण गायनशैलीची, सम्राज्ञी झाली. पुढे 18 ग्रॅमी संगीत पुरस्कार. मानधन ती रोख मागायची, आणि त्या पैशाची पर्स गाताना पियानोवर, डोळ्यांसमोर! कृष्णवर्णीय कलाकारांची तेव्हा इतकी लुबाडणूक झाली होती की हा हट्ट मला अगदी रास्त वाटतो. 2018 मध्ये ती गेली. सोफ्याच्या गादीखाली वहीत तिने हाताने लिहिलेलं 2014 चं मृत्युपत्र सापडलं, मुलांमध्ये वाद पेटला आणि 2023 मध्ये ज्युरीने तेच ग्राह्य धरलं.